हँडब्रेक कुणी ओढला

आमच्या गल्लीत गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

कैरोच्या हेलिओपोलिस भागातली आमची गल्ली आहे हातभर आणि गाड्या आहेत गावभर. फुटपाथला लागून एक ओळ, तिच्या अंगाला अंग लावून दुसरी. बाहेरच्या ओळीत गाडी लावणाऱ्याने गिअर काढून ठेवायचा, हँडब्रेक सोडून ठेवायचा आणि घरी जाऊन खुशाल झोपायचं, म्हणजे आतल्या माणसाला निघायचं असेल तेव्हा त्याला ती ढकलून बाजूला करता येते. सकाळी आपली गाडी दहा हात पुढे गेलेली असते, नाहीतर बेकरीच्या दारात जाऊन उभी असते. त्याचं कुणाला काही वाटत नाही. ढकलायचं काम गल्लीच्या गाड्या राखणाऱ्या अम्म शहाताचं, म्हणजे शहाताकाकांचं. हा साठीपलीकडचा काडीसारखा माणूस, पण गल्लीतल्या प्रत्येक गाडीचं वजन त्याच्या पाठीला पाठ आहे.

आणि माझा नवरा फक्री. त्याने ट्रामच्या कारखान्यात ब्रेक विभागात छत्तीस वर्षं काढली. आमच्या भागातल्या ट्राम बंद झाल्या, रूळसुद्धा उखडून नेले, पण फक्रीचा ब्रेक काही सुटला नाही. ब्रेक न लावता उभी केलेली गाडी म्हणजे त्याच्या लेखी पळून जायच्या तयारीत असलेली गाडी. बाहेरच्या ओळीत लावली की तो हँडब्रेक करकचून ओढायचा, वर पहिला गिअर टाकायचा आणि चावी उशाखाली घेऊन झोपायचा. सकाळी सात वाजता खाली हॉर्न सुरू. मग आमच्या गॅलरीकडे तोंड करून सगळी गल्ली एका सुरात ओरडायची, "अहो बाशमोहंदिस, हँडब्रेक!" इंजिनिअर म्हणून त्याला सगळे बाशमोहंदिस म्हणतात. तो पायजम्यात सावकाश जिना उतरायचा, आणि चेहऱ्यावर भाव असा की चूक असलीच तर ती गल्लीची. लाज वाटायची ती मला. मी गॅलरीतून आत पळायचे आणि विनाकारण भांडी घासत बसायचे.

तेहतीस वर्षं मी शाळेत मुलींना भूगोल शिकवला आणि चौतीस वर्षं फक्रीबरोबर संसार केला. आमच्या कॉप्टिक चर्चमध्ये लग्न लागतं, ते सुटायची सोय ठेवलेली नाही. मला सोडायचंही नव्हतं, खरं सांगायचं तर. फक्री हात उगारत नाही, पीत नाही, दुसरीकडे बघत नाही. पण मी खिडकी उघडली की तो ती चार बोटं बंद करतो. मी रस्ता ओलांडायला लागले की माझं कोपर धरतो. मी काही बोलायला तोंड उघडलं की "थांब, आधी घास गिळ" म्हणतो. वीस वर्षांपूर्वी एकदा जीव इतका गुदमरला की मी अबूनांकडे, आमच्या पाद्रींकडे, गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुली, लोकांना नवरा मिळतो, तुला रक्षणकर्ता देवदूत मिळालाय." मी मेणबत्ती लावली आणि घरी आले.

चार वर्षांपूर्वी फक्रीच्या डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. समोरचं त्याला स्वच्छ दिसतं, कडेचं काहीच दिसत नाही. लायसन्स गेलं, तेव्हा आमची जुनी चार दारांची गाडी मी चालवायला घेतली. मला वाटलं होतं, चला, आता तरी चाक माझ्या हातात आलं. पण शेजारच्या सीटवर फक्री आला आणि मागच्या सीटवर त्याच्या तीन बहिणी आल्या. मादलेन थोरली. तिला दर मंगळवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं असायचं, मधलीला शिंपिणीकडे आणि धाकटीला कुठेही, पण जायचं असायचंच. कुणाच्या मयताला, कुणाच्या बारशाला, दर महिन्याला एका मठात. घरात गाडी असलेली बाई म्हणजे गावाची बस. मी गाडी चालवायचे आणि मागून मादलेन सांगायची की आमचा भाऊ चालवायचा तेव्हा धक्के बसत नसत.

सप्टेंबरात मी निवृत्त झाले. हातात चार पैसे आले. सिडनीहून माझ्या मुलीचा, इरीनीचा, फोन आला की मम्मा, आता स्वतःसाठी काहीतरी घे. तिच्या मनात कपडे धुण्याचं मशीन असणार.

त्याच आठवड्यात चर्चच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली. 'दोन माणसांची, छत उघडणारी इटालियन गाडी. वय झालेलं आहे, प्रकृती चांगली. चांगल्या घरी द्यायची आहे.' एखाद्या थोराड मुलीचं स्थळ सुचवावं तसं लिहिलं होतं. खाली दाताच्या डॉक्टरांचं नाव होतं, डॉक्टर अदली. मी अम्म शहाताला बरोबर घेतलं आणि फक्रीला न सांगता बघायला गेले.

गाडी अंगणात चादरीखाली होती. चादर काढली तर खाली लाल रंगाची, माझ्या कमरेएवढ्या उंचीची ती बसली होती. अम्म शहाताने जाणत्या माणसाच्या थाटात पुढचं झाकण उचललं. आत एक स्टेपनी आणि बाकी मोकळी जागा. त्याने झाकण हळूच खाली ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अब्ला, इथून चला. इंजिन चोरीला गेलंय." मी शिक्षिका म्हणून सगळी गल्ली मला अब्ला म्हणते.

डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. इंजिन मागे होतं. मग ते छत कसं उघडायचं ते दाखवायला आत बसले. वरच्या दोन कड्या सोडल्या, कापड मागे दुमडलं, झाकणाखाली सारलं, आणि गाडीला डोक्यावर काही उरलं नाही. वर नुसतं आभाळ. डॉक्टर हात पसरून बसून राहिले. थोड्या वेळाने कळलं की ते बसून राहिले नव्हते, त्यांना उठता येत नव्हतं. मी एक हात धरला, अम्म शहाताने काखेत हात घातले, आणि आम्ही त्यांना उपसून काढलं.

"बसता येतं, मादाम," गुडघे चोळत ते म्हणाले. "उठता येत नाही. म्हणून तर विकतोय."

मागे सीट नाही का, असं मी विचारलं. मागे इंजिन, ते म्हणाले. पुढे? पुढे एक सूटकेस मावेल, तीसुद्धा लहान. मादलेनच्या एका मांडीलाही तिथे जागा नव्हती. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

कागदपत्रं झाली त्या दिवशी अम्म शहाता गल्ली सोडून येऊ शकला नाही, म्हणून गाडी घरी एकटीने आणली. पुरती वीस मिनिटंसुद्धा नसतील. पण ती वीस मिनिटं माझी होती. छत उघडं होतं. सिग्नलला थांबले की झाडांची पानं थेट डोक्यावर दिसायची. बूड रस्त्याला टेकेल इतकी खाली बसलेली मी, आणि पाठीमागे इंजिन असं गुरगुरत होतं की मणक्यातून गुदगुल्या होत होत्या. एका सिग्नलला शेजारी मायक्रोबस थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून वाकून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताँत," मावशी म्हणावं तसं तो म्हणाला, "गरम पाण्यात धुतलीत का? आटली की हो." आतली सगळी माणसं हसली. मीही हसले, आणि हसताना लक्षात आलं की रस्त्यावर मोठ्याने हसायला मला कितीतरी वर्षांनी कुणी अडवलं नव्हतं.

त्याच वेळी मी मनाशी ठरवलं. एक शुक्रवार. शुक्रवारी सकाळी कैरो झोपलेलं असतं, रस्ते रिकामे असतात. एका शुक्रवारी छत उघडं टाकून एकटीने सोख्नाच्या रस्त्याने समुद्रापर्यंत जायचं आणि परत यायचं. तेहतीस वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूने सुएझचं आखात काढलं होतं, शेजारी तपकिरी खडूने डोंगर. त्या आखाताकाठी गेलेही होते बऱ्याचदा, पण मागे तीन नणंदा आणि काचा वर. मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

फक्री खाली आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कापडावर बोटाने टिचकी मारली. तो ओरडेल, मला मूर्ख म्हणेल, अशी मी तयारी केली होती. त्याने तसलं काही केलं नाही. दार उघडलं, गुडघे पोटाशी घेऊन शेजारच्या सीटवर बसला, डावा हात दोन सीटांच्या मधे टाकला, आणि हात बरोबर हँडब्रेकवर जाऊन पडला.

"हे चांगलंय," तो म्हणाला. "हाताशी आहे."

नणंदा सुटल्या, ते खरं. मादलेन तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही, तेही एक सुख. पण जुन्या गाडीत माझा जीव चार जणांत वाटला जायचा. इथे एकच सीट होती, आणि तिच्यावर फक्री होता. पहिल्या दिवसापासून तो तिथे होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकरीची टोपी घालून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून, कमरेखाली चर्चमधून आणलेली उशी घेऊन. छत उघडायचं नाही, त्याच्या नाकाला वारा लागतो. चाळिसाच्या पुढे जायचं नाही. पुढच्या गाडीचे मागचे दिवे पेटले की "दुसरा. दुसरा टाक," म्हणून गिअर उतरवायला लावायचा. कडेने एखादी गाडी आली की ती त्याला दिसायची नाही, आणि दिसायची तेव्हा ती एकदम नाकासमोर उगवलेली असायची. मग तो दचकायचा आणि हँडब्रेक ओढायचा. चालत्या गाडीत. दोनदा आमची गाडी भर रस्त्यात गर्रकन फिरून आडवी झाली. दोन्ही वेळा तो मला म्हणाला, "बघ, मी होतो म्हणून."

मी चोरून जायचाही प्रयत्न केला. एकदा ब्रेड आणते म्हणून चप्पल घालून सटकले. खाली पोचते तो फक्री सीटवर बसलेला, मांडीवर ब्रेडची पिशवी. एकदा सकाळी तो दाढी करत होता तेव्हा चावी उचलली. तो अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून खाली आला. शेवटी मी तोंड उघडून सांगितलं. म्हटलं, फक्री, मला एकदा एकटीला चालवायचीय.

"चालव की," तो म्हणाला. "मी कुठे काय म्हणतोय? मी नुसता बसतो."

भिंतीशी भांडता येतं, नुसत्या बसणाऱ्या माणसाशी येत नाही. त्या रात्री अंथरुणात मला खरोखर श्वास लागला. डॉक्टर अदली डोळ्यांपुढे आले, सीटमध्ये अडकलेले, हात पसरलेले.

डिसेंबरात फक्रीचा एक चुलतभाऊ आस्युतला वारला होता त्याचा चाळिसावा दिवस आला. गुरुवारी दुपारच्या रेल्वेने फक्री आणि तिन्ही बहिणी जाणार, शुक्रवारी चर्चमध्ये प्रार्थना, शनिवारी सकाळी परत. मी म्हटलं माझा गुडघा दुखतोय. चौतीस वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. त्याने माझ्या गुडघ्याला स्वतः मलम चोळलं, पट्टी बांधली, जिना उतरू नकोस म्हणाला. गुरुवारी दुपारी तो बराच वेळ खाली काहीतरी करत होता. अम्म शहाताचा आवाजही ऐकू येत होता. मी पट्टी बांधलेला पाय उशीवर टाकून पलंगावर पडले होते आणि मनातल्या मनात डोंगरांची नावं म्हणत होते.

शुक्रवारी पहाटे उठून पट्टी सोडली. नाताळाआधीचे उपास चालू होते, म्हणून पावात ताआमेया, म्हणजे बिनमांसाचे कडधान्याचे वडे, भरून चार सँडविच केली. थर्मासमध्ये चहा घेतला. सात वाजता खाली उतरले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. माझी लाल गाडी आतल्या ओळीत होती, फक्री ती नेहमी तिथेच लावायला लावायचा. आणि तिच्या अंगाला अंग लावून, नाकापासून शेपटीपर्यंत तिला झाकून, आमची जुनी चार दारांची गाडी उभी होती. ती दोन महिने गल्लीच्या टोकाला धूळ खात पडली होती.

अम्म शहाता चहा पीत होता. मी त्याला ती ढकलायला सांगितलं. त्याने ग्लास खाली ठेवला, पण पाठ लावली नाही.

"अब्ला, ही नाही हलायची," तो म्हणाला. "बाशमोहंदिसांनी काल माझ्याकडून ढकलून आणवली. हँडब्रेक ओढलाय, गिअर टाकलाय, आणि चावी आस्युतला नेलीय. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

काचेतून आत पाहिलं. हँडब्रेक आभाळाकडे बोट दाखवत उभा होता.

मी फक्रीला फोन लावला. तो चर्चच्या अंगणात होता, मागे माणसांचा गलबला. मी काही विचारायच्या आत तोच खुशीत बोलायला लागला. "बघितलीस का गाडी? कुणी घासायला नको, कुणी ढकलायला नको. मी येईपर्यंत तिला कुणी हात लावू शकत नाही. आता तू निवांत झोप." त्याच्या आवाजात इतकं प्रेम होतं की मला शिवी देता येईना. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग लाल गाडीचं दार उघडून आत बसले. दार उघडायलासुद्धा वीतभरच जागा होती, पोट आत घेऊन शिरले.

मी छत उघडलं आणि तिथेच बसून राहिले. आठ वाजले, नऊ वाजले. गल्ली जागी झाली. बेकरीसमोर रांग लागली आणि रांगेतल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. डावीकडे जुन्या गाडीचं दार, उजवीकडे फुटपाथ, पुढे कुणाची तरी मागची बाजू. मी एक सँडविच खाल्लं. रडले का? रडले. अगदी सगळ्यांच्या देखत, चाक धरून. अम्म शहाता चार वेळा येऊन गेला. वर जा, ऊन लागेल, म्हणाला. मग माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि विचारलं की अब्ला, एवढं महत्त्वाचं कुठे जायचंय?

"कुठे नाही," मी म्हटलं. "मला जायचंय. मला एकटीला जायचंय, अम्म शहाता, एक दिवस. मेल्यावर जाईन तेव्हासुद्धा हा शेजारी असेल."

हे मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते, अबूनांनासुद्धा इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. अम्म शहाताने जुन्या गाडीकडे बघितलं, मग मशिदीकडे. मग दुपारच्या नमाजापर्यंत थांबा म्हणाला आणि गेला.

नमाज संपला आणि मशिदीतून माणसं बाहेर पडली तशी तो नऊ जणांना घेऊन आला. बेकरीवाला, इस्त्रीवाला, तिसऱ्या मजल्यावरचे वकील, सगळे शुक्रवारचे पांढरेशुभ्र. त्यांनी चपला बाजूला काढल्या, बाह्या सरसावल्या आणि जुन्या गाडीचा मागचा भाग धरला. अम्म शहाताने "हेला" म्हटलं, बाकीच्यांनी "होप" म्हटलं, आणि गाडी उचलून वीतभर सरकवली. हेला, होप. आणखी वीतभर. वकील म्हणाले, बाशमोहंदिसांनी ब्रेकचं पेटंट घ्यायला हवं. इस्त्रीवाला म्हणाला, पेटंटचा कागदही त्यांनी ओढून धरला असता. पुरती सरकवायची गरजच पडली नाही. माझी गाडी एवढीशी, कोन झाल्याबरोबर ती फटीतून निसटली. मागून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा सव्वा वाजला होता.

ते दोन तास कसे सांगू? शहर संपलं, वाळू सुरू झाली, आणि रस्ता लांबच्या लांब, सरळ. मी ऐंशीवर गेले. मग नव्वदवर. गाडी थरथरत होती, मीही थरथरत होते. डोक्यावरचा रुमाल उडून गेला, जाऊ दिला. टोलवरच्या पोराने पावती देताना विचारलं की आजी, नवरा वाटेत पडला का? मी म्हटलं, आस्युतला पडला. डोंगर दिसायला लागले तेव्हा मी वर्गात घ्यायचे तशी हजेरी घेतली, मोठ्याने, वाऱ्यावर. "गबल अताका." तो उजेडात तपकिरी उभा होता. "हजर," मीच म्हटलं. "गलाला." "हजर." घसा बसेपर्यंत ओरडले. साठ वर्षांची बाई, केसांचं झाड झालेलं. मी इतकी सुखी कधी नव्हते, आणि सुखी आहे हे त्याच क्षणी कळत होतं.

डिसेंबरातलं वारं कानात शिरून कान ठणकायला लागले. सीटखाली चाचपलं तर फक्रीची लोकरीची टोपी हाताला लागली. ती घातली. बरं वाटलं.

समुद्र मात्र लवकर भेटला नाही. किनाऱ्यावर सगळ्या कुंपणं घातलेल्या वसाहती, दारादारात रखवालदार, तो विचारणार तुम्ही कुणाकडे आलात. पंधरा किलोमीटर मी भिंतीच्या कडेने गेले आणि फटींतून निळं बघत राहिले. शेवटी एका पेट्रोल पंपामागे दोघे जण गळ टाकून बसले होते, तिथून वाट मिळाली. चपला काढून पाण्यात पाय घातले. दूरवर जहाजं ओळीने उभी होती, कालव्यात सोडायची वाट बघत. फळ्यावर मी तिथे कधी जहाजं काढली नव्हती. डोंगराची सावली पाण्यावर लांबत चालली तेव्हा शेवटचं सँडविच खाऊन उठले.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. पुढे एक ट्रक होता. त्याचे मागचे दिवे पेटले आणि मी ऐकलं, "दुसरा. दुसरा टाक." शेजारी बघितलं. सीट रिकामी होती. बोलले होते मीच. मी रेडिओ मोठा केला.

सात वाजता गल्लीत आले. माझ्या आतल्या जागेत कुणीतरी घुसलेलं होतं, म्हणून बाहेरच्या ओळीत लावली, छत वर केलं आणि पाय ओढत घरी जाऊन झोपले. मेल्यासारखी झोपले.

शनिवारी सकाळी हॉर्नने जाग आली. एक, मग तीन, मग सगळे मिळून. मग खालून सगळी गल्ली एका सुरात, "अहो बाशमोहंदिस, हँडब्रेक!"

मी नेहमीसारखं उशीत तोंड खुपसलं. मनात म्हटलं, ओढला वाटतं यानं परत. मग शेजारी हात फिरवला. पलंगाची ती बाजू गार होती.

मी गाऊनवरच गॅलरीत गेले. खाली लाल गाडीपाशी सात-आठ माणसं जमली होती. अम्म शहाता मागून पाठ लावून उभा होता, आणि गाडी हलत नव्हती. त्या घोळक्याच्या मागे एक टॅक्सी अडकली होती, तिच्यातून फक्री उतरत होता. एका हातात बॅग, एका हातात डाळिंबांची पिशवी. तो सरळ माझ्या गाडीपाशी आला. चार हातांवर जुनी गाडी वाकडी उभी होती, पण ती त्याच्या कडेला होती, त्याला दिसली नाही. त्याने वाकून, डोळ्यांवर हात धरून काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर केली.

"एनायात," तो म्हणाला. "हा तू ओढलास?"

अम्म शहाताने पाठ सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं. नाही म्हणता आलं असतं. मला आठवतसुद्धा नव्हतं कधी ओढला ते. पण दुसरं कोण होतं?

"हो," मी म्हटलं. "मीच."

फक्रीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही. "बरं केलंस," तो म्हणाला. "शाबास." चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

मी चावी घेऊन जिना उतरले. माणसांनी वाट दिली. कुणी चेष्टा केली नाही, ते जास्त लागलं. फक्री गाडीच्या त्याच्या बाजूच्या दाराशी उभा होता. मी आतून उघडलं, तो गुडघे पोटाशी घेऊन बसला, डाळिंबं मांडीवर घेतली आणि गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. ब्रेक सोडायला हात खाली नेला तर त्याचा हात आधीच तिथे होता. त्याने तो काढला नाही. माझ्या हातावर ठेवला, आणि आम्ही दोघांनी मिळून ब्रेक खाली केला.

आतल्या ओळीत एक जागा झाली होती. मी सावकाश गाडी तिथे नेऊन लावली, इंजिन बंद केलं, आणि तो काही बोलायच्या आधीच ब्रेक पुन्हा ओढला.